डोंबिवलीचे आकडे आणि एकोणीस एकांची माळ

मुंबईहून कल्याणकडे जाणाऱ्या लोहमार्गावर डोंबिवली हे स्थानक आहे. ब्रिटिश अमदानीत हा मार्ग जी.आय.पी. रेल्वेचा होता. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरच्या या स्थानकाचा उल्लेख दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी 'डेम्लो' या जुन्या नावाने केला आहे. येथेच त्यांना काही संख्यांच्या अभ्यासाची कल्पना सुचली आणि त्या संख्यांना त्यांनी 'डेम्लो संख्या' असे नाव देऊन टाकले. गावाचे नाव पैठणीला मिळते, हापूस आंब्याला मिळते. परंतु संख्यांच्या एका कुळाला रेल्वेस्थानकाचे नाव मिळावे, हे विरळाच! आज लाखो माणसे त्या फलाटावरून रोज ये-जा करतात. गणिताच्या जागतिक वाङ्मयात आपल्या गावाचे नाव कोरले गेले आहे याची त्यांच्यापैकी किती जणांना कल्पना असेल?

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. म्हणजे आपल्या मीरा रोडवरून जाणाऱ्या पश्चिम रेल्वेच्याच वाटेवर. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून होते, त्यांना फलज्योतिषाचा नाद होता, आणि ज्योतिषातील आकडेमोडीतूनच मुलाला आकड्यांची गोडी लागली. ठाण्यात शालेय शिक्षण, मग पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय. १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांनी मिळवले, १९२९ मध्ये ते पदवीधर झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत त्यांनी शाळाशिक्षकाची नोकरी केली. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातील आसन नाही. लिहिलेले छापून यावे म्हणून पुष्कळदा स्वतःच पुस्तिका काढायच्या, अशी त्यांची तऱ्हा होती.

डेम्लो संख्या म्हणजे काय ते दोन उदाहरणांनी कळेल. १६५ ही संख्या घ्या: टोकाचे १ आणि ५ मिळवले की ६ होतात, आणि मध्ये ६ हाच अंक आहे. २५५३ मध्ये टोकाचे २ आणि ३ मिळून ५ होतात व मधले दोन्ही अंक ५ आहेत. या कुळातील सर्वांत देखणी शाखा १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशी चढत जाते. १९३८ साली 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात कापरेकरांनी त्यांवर लेख लिहिला आणि शीर्षकातच त्यांना 'अद्भुत' हे विशेषण लावले. जिने चढून वर जावे आणि दुसऱ्या बाजूने उतरून यावे, तसे त्यांचे अंक एकापासून चढतात आणि पुन्हा एकावर येतात. गुपित असे की, या सर्व संख्या केवळ एक या अंकाने बनलेल्या संख्यांचे वर्ग आहेत. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, आणि नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. दहा एकांपासून मात्र हातचा आडवा येतो आणि ही डौलदार चढउतार मोडते.

या प्रदेशातील माणसाला हे आकडे प्रथमच दिसले असे नव्हे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळात, म्हणजे इ.स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. राष्ट्रकूटांचे राज्य तेव्हा आजच्या महाराष्ट्रावरही पसरले होते. महावीराचार्यांचा 'गणितसारसंग्रह' हा संस्कृत ग्रंथ १९१२ साली मद्रासमध्ये एम. रंगाचार्य यांनी इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. त्यात गुणाकाराची अशी उदाहरणे आहेत की, उत्तर दोन्हीकडून सारखेच वाचता येते आणि अंक गळ्यातल्या कंठ्याप्रमाणे ओवलेले दिसतात. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले की १२३४५६५४३२१ येतात. हा सहा एकांचा वर्ग, म्हणजे अकरा शतकांनंतर डोंबिवलीच्या फलाटावर जन्मलेल्या कुळातलाच एक. १२३४५६७९ ला ९ ने गुणले की नऊ एके येतात. १४२८५७१४३ ला ७ ने गुणले की १००००००००१. वाचकांनी हे शेवटचे दोन गुणाकार लक्षात ठेवावेत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

केवळ एकांनी बनलेल्या संख्येला आपण या लेखापुरते 'एकमाळ' म्हणू. कापरेकरांना आणि महावीराचार्यांना या माळेचे रूप भावले. परंतु गणिती मनुष्य रूपावर थांबत नाही. त्याचा प्रश्न असा असतो: ही संख्या फुटते का? दोन लहान संख्यांचा गुणाकार म्हणून ती लिहिता येते, की ती मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि स्वतःखेरीज तिला दुसरा विभाजक नाही?

११ ही मूळ आहे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. १११ पाहून ती मूळ असावी असे वाटते, पण ती ३ गुणिले ३७ निघते. चार एके म्हणजे ११ गुणिले १०१. पाच एके ४१ आणि २७१ यांचा गुणाकार. सहा एके तर अगदीच ठिसूळ: ३, ७, ११, १३ आणि ३७ या पाच मूळ संख्यांत त्यांचा चुरा होतो. येथे एक नियम हाती लागतो. मण्यांची संख्या स्वतःच फुटत असेल तर माळही फुटतेच. पंधरा एके तीन-तीनच्या पाच किंवा पाच-पाचच्या तीन गटांत वाटता येतात, म्हणून त्यांना १११ नेही भाग जातो आणि १११११ नेही. तेव्हा मूळ असण्याची आशा करायची ती मण्यांची संख्या मूळ असतानाच. पण ती आशाही पुरी होईलच असे नाही. सात एके म्हणजे २३९ गुणिले ४६४९. अकरा एके म्हणजे २१६४९ गुणिले ५१३२३९. तेरा एकांना ५३ ने आणि ७९ ने भाग जातो. सतरा एकेही फुटतात. त्यांचा लहान विभाजकच २०७१७२३ एवढा आहे.

आणि मग एकोणीस एके. ती संख्या फुटत नाही.

आपल्या जुन्या गणनेत 'परार्ध' हे शेवटचे स्थान. ही संख्या अकरा परार्धांहून थोडी अधिक आहे. पूनम सागरमधील एका घरी आशीर्वादासाठी गेलो असता तेथील दहावीच्या मुलाला मी ती सांगितली. त्याने लगेच मोबाईलच्या गणकयंत्रावर एकोणीस वेळा एक दाबला. यंत्राने शेवटचे बरेचसे एके टाकून दिले आणि 'एक पूर्णांक काही एके, गुणिले दहाचा अठरावा घात' असे सुटसुटीत उत्तर दाखवले. मुलगा म्हणाला, "फादर, हिला कशानेच भाग जात नाही हे कोणी बघितले?" प्रश्न बरोबर होता. मुलाला मी दिलेले उत्तर त्रोटक होते. येथे ते सविस्तर देतो.

सरळ मार्गाने भागून पाहायचे म्हटले तर वर्गमुळापर्यंत, म्हणजे एक अब्ज पाच कोटींच्या पुढपर्यंतचे सर्व मूळ विभाजक तपासावे लागतील. गणित येथे थोडी दया दाखवते: एकोणीस एकांचा विभाजक असलाच तर त्याला ३८ ने भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे. म्हणजे ३९, ७७, ११५, १५३, १९१ अशा क्रमाने जायचे आणि त्यांतील मूळ तेवढ्या घ्यायच्या. (१५३ पाहून योहानाच्या शुभवर्तमानातील जाळ्यात सापडलेल्या माशांची आठवण कोणाला होईल. संत ऑगस्टीन यांनी १ ते १७ या आकड्यांची बेरीज १५३ होते हे दाखवून त्यावर चिंतन केले आहे. आपल्या कामात मात्र १५३ निरुपयोगी, कारण ते ९ गुणिले १७ आहेत. पहिला खरा उमेदवार १९१.) एवढी दया होऊनही भागाकार लक्षावधी उरतात.

दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे. एकोणिसाव्या शतकात एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने त्याची दिशा दाखवली आणि पुढे डी. एच. लेहमर यांनी तो नीट बांधला. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे तिला फोडून न पाहता, तिच्या अगदी शेजारच्या, एकने लहान असलेल्या संख्येला फोडून ठरवता येते. शेजारणीचे सर्व मूळ अवयव ठाऊक असले की त्यांपैकी प्रत्येकाला साक्षीला बोलवायचे, प्रत्येकाबरोबर एक ठरावीक घात काढून बाकी पाहायची, आणि सर्व साक्षी जुळल्या तर संख्या मूळ ठरते. आता एकोणीस एकांतून एक वजा करा: अठरा एके आणि शेवटी शून्य, म्हणजे दहा गुणिले अठरा एके. आणि अठरा एके म्हणजे काय? नऊ एके गुणिले १००००००००१. महावीराचार्यांच्या कंठ्यातील आपण बाजूला ठेवलेले ते दोन गुणाकार हेच! पहिल्याला ९ ने भाग जातो, दुसऱ्याला ७ ने. उरलेलेही फोडले की २, ३, ५, ७, ११, १३, १९, ३७, ५२५७९ आणि ३३३६६७ असे दहा साक्षीदार उभे राहतात. महावीराचार्यांना मूळ संख्येचा हा प्रश्न सोडवायचा नव्हता. तरीही मान्यखेटच्या राजवटीत ओवलेले मणी या सिद्धतेत जसेच्या तसे बसतात, याचे मला फार अप्रूप वाटते.

एकोणीस एके मूळ आहेत हे ऑस्कर होप यांनी सिद्ध केले. १९१८ सालापर्यंत लंडनच्या गणित संस्थेने त्याची दखल घेतली होती. तेवीस एके मूळ असल्याचे १९२९ च्या सुमारास लेहमर आणि मोरीस क्रायचिक यांनी दाखवले. नेमक्या त्याच वर्षी कापरेकर पदवीधर होत होते.

या मोठ्या मूळ संख्येचा आणखी एक गुण कापरेकरांच्या आवडत्या विषयाशी, म्हणजे आवर्ती दशांशांशी, जोडलेला आहे. १ ला ४१ ने भागा: ०.०२४३९ ०२४३९ असे पाच अंक फिरून फिरून येतात. २७१ ने भागले तरी ००३६९ असे पाचच अंकांचे आवर्तन मिळते. कारण उघड आहे. ४१ आणि २७१ हे पाच एकांचे अवयव. म्हणजे माळेत मणी किती आणि तिच्या अवयवांचे आवर्तन किती अंकी, यांचे नाते आहे. एकोणीस एकांना अवयवच नसल्यामुळे एकोणीस अंकांचे आवर्तन असणारी मूळ संख्या साऱ्या जगात एकच, ती स्वतः. १ ला तिने भागले की अठरा शून्ये आणि एक नऊ, पुन्हा अठरा शून्ये आणि एक नऊ, असे अखंड चालू राहते. ११ ने भागल्यावर ०.०९०९ येते ना, त्याचेच हे थोरले रूप.

येथपर्यंत आपण दहाच्या पद्धतीने मोजत होतो. आकडे केवळ ० आणि १ यांनी लिहिण्याची, दोनच्या पायाची पद्धत घेतली तर एकमाळेची कथा पॅरिसमधील एका मठात जाऊन पोहोचते. त्या पद्धतीत ३ म्हणजे ११, ७ म्हणजे १११, ३१ म्हणजे पाच एके आणि १२७ म्हणजे सात एके. दोनाच्या कोणत्याही घातातून एक वजा केला की एकमाळ तयार होते. या संख्यांना ज्यांचे नाव मिळाले ते फादर मारें मेर्सेन (१५८८–१६४८) हे पावलाच्या संत फ्रान्सिस यांनी स्थापलेल्या मिनिम संघाचे मठवासी. मांस, अंडी, दूधदुभते वर्षभर वर्ज्य असलेला हा कडक संघ. मेर्सेन यांचे शिक्षण ला फ्लेश येथील येशूसंघीयांच्या विद्यालयात झाले होते. त्यांच्या खोलीत पत्रांचा जणू टपालखाना चाले: देकार्त, फर्मा, पास्कलचे घराणे, टोरिचेल्ली, हॉयगेन्स. गॅलिलिओवर १६३३ मध्ये खटला झाला आणि पुढच्याच वर्षी या मठवासीयाने गॅलिलिओचे यंत्रशास्त्र फ्रेंचमध्ये छापले. या एका कृतीसाठीही इतिहासाने त्यांची आठवण ठेवायला हवी होती.

१६४४ साली फादर मेर्सेन यांनी एक विधान केले. दोनाच्या २५७ व्या घातापर्यंत एक वजा करून मूळ संख्या देणारे घातांक २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढेच, असे त्यांचे म्हणणे. सिद्धता दिली नाही. पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला साऱ्या काळाचा अवधीही पुरणार नाही, असे त्यांनीच लिहून ठेवले होते. यादीत पाच चुका निघाल्या. ६७ आणि २५७ यादीत नको होते. ६१, ८९ आणि १०७ हवे होते. सेमिनरीत आम्हाला तर्कशास्त्र शिकवताना गुरुजन बजावत की, सांगणारा कितीही आदरणीय असला तरी सांगणे आणि सिद्ध करणे यांत अंतर राहते. मेर्सेन यांची यादी त्याचा उत्तम धडा ठरली असती.

त्यातील ६१ ची चूक कोणी दुरुस्त केली? उरल पर्वताच्या परिसरातील एका रशियन खेड्याचे धर्मगुरू इव्हान पर्वूशिन यांनी. ऑर्थोडॉक्स पंथाचे हे पाळक धर्मग्रामाची कामे सांभाळून आकडेमोड करीत. दोनाच्या एकसष्टाव्या घातातून एक वजा केल्यावर येणारी २३०५८४३००९२१३६९३९५१ ही संख्या मूळ आहे असे त्यांनी १८८३ मध्ये हाताने सिद्ध केले. अंक मोजून पाहा, बरोबर एकोणीस आहेत. एका फादरांनी जे काळालाही जमणार नाही म्हटले ते दुसऱ्या फादरांनी कागद-लेखणीवर करून दाखवले! ६७ ची गोष्ट वेगळी. ती संख्या मूळ नाही हे ल्यूका यांनी १८७६ सालीच दाखवले होते, पण विभाजक कोणते ते कळत नव्हते. १९०३ मध्ये अमेरिकेतील फ्रँक नेल्सन कोल यांनी सभेत, एक शब्दही न बोलता म्हणे, फळ्यावर १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार मांडला आणि ते जागेवर जाऊन बसले. शोधायला किती वेळ लागला या प्रश्नावर त्यांनी 'तीन वर्षांचे रविवार' असे उत्तर दिल्याचे सांगतात.

दोनच्या पायाच्या माळा तपासणे त्या मानाने सोपे. त्यांच्यात एक मिळवला की शुद्ध दोनाचा घात येतो, तेव्हा वरच्या बाजूच्या शेजारणीचे अवयव आयतेच ठाऊक असतात. म्हणूनच सर्वांत मोठ्या मूळ संख्येचा मान बहुधा त्यांच्याकडे जातो. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी ल्यूक ड्युरंट यांना सापडलेल्या अशा संख्येत, दोनच्या पायाने लिहिल्यास, १३,६२,७९,८४१ एके आहेत. आपल्या दशमान पद्धतीत तिचे अंक ४,१०,२४,३२० होतात. दहाच्या पायाच्या माळेला ही सवलत नाही. तिची एकने लहान शेजारीण ही दुसरी एकमाळच असते आणि ती फोडणे मण्यांबरोबर कठीण होत जाते. तेवीस एकांनंतर पुढची मूळ एकमाळ सिद्ध व्हायला निम्मे शतक लागले.

त्या अर्ध्या शतकात कापरेकर देवळालीत मुलांना शिकवत होते. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ चे वैशिष्ट्य मांडले. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, आणि हेच पुन्हा पुन्हा करा. ३५२४ वरून ३०८७, त्यावरून ८३५२, त्यावरून ६१७४. पुढे ६१७४ च येत राहते. ज्या संख्येत स्वतःच्या अंकांची बेरीज मिळवून दुसरी संख्या 'जन्मते' त्यांचाही त्यांनी अभ्यास केला. कोणापासूनच न जन्मलेल्यांना त्यांनी स्वयंभू म्हटले. ९७ ही अशी स्वयंभू आणि मूळही. विद्यापीठीय मंडळींनी या साऱ्याला पोरखेळ मानले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा आपल्याकडील पुष्कळांना देवळालीचा पत्ता कळला.

माझे मत असे की, कापरेकरांवर अन्याय दोन्ही बाजूंनी झाला. टीकाकारांनी त्यांना गणिती मानले नाही, तर नंतरच्या चाहत्यांनी त्यांना आकड्यांचा जादूगार करून टाकले. मूळ संख्यांचे अवघड प्रश्न त्यांनी सोडवले नाहीत, हे स्पष्ट म्हणावे. एकमाळांच्या सिद्धतेचे श्रेय त्यांचे नाही. परंतु प्रश्न विचारण्याजोगी संख्या कोणती हे ओळखण्याची नजरही गणितातच मोडते. ती नजर त्यांच्यापाशी होती आणि ती त्यांनी विद्यापीठाबाहेर राहून, शिक्षकाच्या पगारावर, आयुष्यभर जपली.

'उपयोग काय?' हा प्रश्न धर्मग्रामातील पालक विचारतातच. पूनम सागरच्या रस्त्यावर भाजीवाल्यालाही आपण आता मोबाईलवरून पैसे देतो. अशा व्यवहारांच्या गुप्ततेमागे मोठ्या मूळ संख्यांचे गणित असते. आरएसए नावाच्या पद्धतीत साधारण तीनशे अंकी दोन मूळ संख्या गुणून कुलूप बनवतात, आणि गुणाकारावरून त्या दोन ओळखणे दुर्घट असते यावर सारी भिस्त. हे उत्तर ऐकून पालकांचे समाधान होते. मेर्सेन, पर्वूशिन किंवा कापरेकर यांना मात्र या उपयोगाची कल्पनाही नव्हती.

१९७८ मध्ये ह्यू विल्यम्स यांनी ३१७ एके मूळ असल्याची सिद्धता प्रसिद्ध केली. तेवीस आणि ३१७ यांच्या दरम्यान एकही मूळ एकमाळ नाही. त्यानंतर १०३१ एकांची माळ विल्यम्स आणि हार्वे डब्नर यांनी १९८६ साली सिद्ध केली. कापरेकरांचे निधन त्याच वर्षी झाले. ४९०८१ एके मूळ असावीत असा सुगावा डब्नर यांना १९९९ मध्ये लागला, सिद्धता मात्र २०२२ मध्ये झाली, आणि ८६४५३ एकांची २०२३ मध्ये. २०२१ साली ८१,७७,२०७ एकांची एक माळ आढळली. ती मूळ असण्याची शक्यता फार मोठी आहे, परंतु तिची सिद्धता झालेली नाही; आणि अशा मूळ माळा मोजक्याच आहेत की अगणित, हेही अजून कोणी ठरवू शकलेले नाही.